घाईच्या वाट्या

वनमाला सावंतने त्या संक्रांतीला हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटल्या, आणि समोरच्या नलिनी परबच्या घशाखाली तिळगूळ उतरेना.

दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली. घाटकोपरला पंतनगरात, हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगीत, एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दारांत दोघी नव्या नवऱ्या म्हणून आल्या. माहेरं दोघींची कुडाळकडची. नवरे दोघींचे एकाच गिरणीत. पुढे वनमालाच्या दशरथने वेळीच गिरणी सोडली आणि तो बँकेत चिकटला. नलिनीचा बाळा संप होईपर्यंत गिरणीतच राहिला. संपानंतर त्याला भांडुपला एका गोडाउनवर काम मिळालं खरं, पण तोपर्यंत नलिनीच्या हातातल्या बांगड्या काचेच्या झाल्या होत्या.

मग समोरच्या दारातून एकेक वस्तू आत जाताना नलिनीने पाहिली. टीव्ही गेला, मिक्सर गेला, फ्रिज तर चार माणसांनी जिन्यावरून चढवला, आणि त्यातला एक बाळा होता. वनमाला कंजूष असती, तोऱ्यात वागणारी असती, तर बरं झालं असतं. पण ती उन्हाळ्यात स्वतःहून बर्फाचा ट्रे घेऊन यायची. "घे गं नलू, पोरांना सरबत कर." नलिनी हसून ट्रे घ्यायची. पोरं सरबत पिऊन नाचायची. तिला स्वतःला ते प्यावंसं वाटायचं नाही.

शहाऐंशी सालच्या त्या संक्रांतीला सगळ्या बायकांची अपेक्षा कंगव्याची, फार तर चहाच्या गाळणीची होती. वनमालाने प्रत्येकीच्या ओटीत जाड बुडाची स्टीलची वाटी घातली. वाटीवर नाव कोरलेलं, 'सौ. वनमाला द. सावंत'. तळमजल्यावरच्या चंपाने ती हातात तोलून बघितली.

"अगं बाई, जड किती आहे! दुकानात घ्यायला गेलं तर केवढ्याला पडेल?"

"दुकानातली नाहीच," वनमाला म्हणाली. तिच्यात लपवाछपवी नव्हती. "असल्फ्याला काशीरामशेटची शेड आहे. डायरेक्ट तिथूनच करून घेतल्या. चार दिवसांत दिल्यान बघ."

नलिनी वाटी पदराखाली घेऊन घरी आली. आमटी वाढताना तिने ती वापरली नाही, आणि टाकवेना म्हणून मांडणीवर पालथी घालून ठेवली. रात्री बाळाला म्हणाली, "रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करता येतं. आपण डबे देऊ. झाकणाचे."

"डबे?" बाळा उठूनच बसला. "नलू, खुळी की काय तू? चाळण्या दे की."

"भिशी लागलीय ना माझी? माझ्या पैशांचं मी बघीन."

दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत गेल्यावर ती स्टेशन ओलांडून पश्चिमेला गेली आणि असल्फ्याची बस धरली. डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडी एकीला एक लागून होत्या. काशीरामशेटची शेड आवाजावरून सापडली. आत ओळीने प्रेस मशिनी होत्या. बायका एका हाताने पत्र्याची चकती डायवर ठेवायच्या, पायाने पायडल दाबायच्या, वरून धाडकन ठोकळा यायचा आणि वाटी तयार व्हायची. हात आत, पाय खाली, हात बाहेर. एक मशीन मात्र बंद होतं. त्याच्यावर गोणपाट टाकलेलं होतं.

काशीरामशेट गोड बोलणारा माणूस होता. त्याने तिला स्टूल दिलं, चहा मागवला.

"कोणी पाठवलं?"

"वनमाला सावंतने. पण मला वाट्या नकोत. डबे पाहिजेत, झाकणाचे. तिच्या वाट्यांपेक्षा पत्रा जाड हवा. आणि नाव मोठं."

"देऊ की. पण वेळ लागेल, वहिनी. परवा एका बाईचा हात मशीनमध्ये गेला. माणूस कमी आहे."

नलिनीची नजर त्या गोणपाटावर गेली. तिने चहाचा कप तसाच खाली ठेवला. मग वनमालाच्या घरातल्या बायका डोळ्यांपुढे आल्या, वाटी हातात तोलून बघणाऱ्या.

"ते तुमचं तुम्ही बघा, शेट. रथसप्तमीच्या आत पाहिजेत. तिला चार दिवसांत दिल्यात ना?"

"ठीक आहे. तुमच्यासाठी करू कायतरी."

तिने विसार दिला आणि ती बाहेर पडली. शेडच्या बाहेर पाण्याच्या पिंपाशेजारी एक बाई बसलेली होती. तिशीची असेल. उजव्या हाताला कोपरापासून पांढरं बँडेज, आणि बोटं जिथे संपायला हवीत त्याच्या बरंच अलीकडे ते संपत होतं.

"शेट हायेत का आत?" तिने विचारलं. "मघाधरनं बसलेय. आठवड्याचा पगार ऱ्हायलाय माझा."

"आहेत." नलिनी जायला वळली, पण पाय निघेना. "तुझाच हात गेला का गं?"

"व्हय. तीन बोटं गेली." बाईने बँडेजकडे बघितलं. "आधी मशीनला जाळी व्हती. जाळी खाली आल्याबिगर ठोकळा पडायचा न्हाई. पन जाळीनं नग कमी निघतात. घाईची ऑर्डर आली म्हनून शेटनं जाळ्या काढायला लावल्या. रातपाळी पन केली. संक्रांतीच्या आत पायजेत म्हनली ती बाई."

"कोण बाई?"

"सावंत म्हनून व्हती. वाट्यांवर नाव हाय की तिचं."

त्या क्षणी नलिनीला काय वाटलं, ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही. तिला आनंद झाला. दुःखही झालं असेल, पण ते मागून आलं, आणि आनंदाला वाट करून देत बाजूला उभं राहिलं. वनमालाच्या चकचकीत वाट्या! तिचा मोठेपणा, तिचं हसू, ते 'घे गं नलू'!

तिने बाईचं नाव विचारलं. शकु. राहायला रमाबाई नगरात, म्हणजे पंतनगरपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मग नलिनी परत शेडमध्ये गेली आणि काशीरामशेटला म्हणाली, "माझे डबे राहू देत. विचार बदलला." विसार परत देताना शेटने तोंड वाकडं केलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. डब्यांची आता तिला गरजच उरली नव्हती.

रथसप्तमीच्या दिवशी तिने हळदीकुंकू केलं आणि प्लॅस्टिकच्या साबणदाण्या लुटल्या. बायकांनी त्या घेतल्या आणि न बघताच पिशवीत टाकल्या. चंपा मात्र तिच्या स्वभावाप्रमाणे बोललीच, "यंदा वाण म्हणजे वनमालाचंच हां! वाटी म्हणजे झकास एकदम. माझी सासू तर देवाच्या दुधाला वापरते."

"देवाला?" नलिनी म्हणाली. ती शांतपणे कुंकवाची कोयरी खाली ठेवत होती. "त्या वाटीपायी एका बाईची तीन बोटं गेलीत, माहीत आहे का? वनमालाला संक्रांतीच्या आत पाहिजे होत्या ना, म्हणून मशीनची जाळी काढली आणि रात्रभर कामाला लावलं बायकांना. ती बाई रमाबाई नगरात राहते. शकु नाव तिचं. मी डोळ्यांनी बघितलाय तिचा हात."

वनमालाच्या हातात तिळगुळाचा लाडू होता, तो तसाच राहिला.

"मला... मला नव्हतं माहीत, नलू."

"माहीत करून घ्यायचं होतंस. एवढं स्वस्त कसं, ते विचारायचं होतंस."

वनमाला उठली आणि समोर गेली. दार लागल्याचा आवाज आला. नलिनीने साबणदाण्यांची पिशवी आवरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत सगळ्याजणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून बायका वाट्या परत करायला लागल्या. कोणी बेल वाजवून दिल्या, कोणी नुसत्याच उंबऱ्यावर ठेवून गेल्या. कोणालाही त्यात आमटी खाववेना. वनमालाच्या दारात वाट्यांची चळत उभी राहिली. फक्त चंपाने आपली वाटी ठेवून घेतली. "मी परत केली म्हणून बोटं उगवणार आहेत काय?" ती म्हणाली. नलिनी येता-जाता त्या चळतीकडे बघायची. पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं. नंतर नंतर ती चळत तिला बघवेना, पण ते ती स्वतःशीही कबूल करत नव्हती.

एका सकाळी वनमालाने तिचं दार वाजवलं. डोळे सुजलेले, केस नुसते वर बांधलेले.

"मला तिकडे ने."

"कुठे?"

"शेडमध्ये. आणि मग त्या बाईच्या घरी. तुला ठाऊक आहे तिचं घर."

नलिनीला हे अपेक्षितच नव्हतं. वनमाला रडेल, भांडेल, बोलणं टाकेल, एवढंच तिने धरलं होतं. नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून ती निघाली. शेडमध्ये मात्र ती आत गेली नाही. "तू बोल, मी इथे थांबते," म्हणाली आणि दाराआड उभी राहिली, शेटच्या नजरेला पडणार नाही अशी.

आतून वनमालाचा चढलेला आवाज ऐकू आला. मग काशीरामशेटचा, तसाच गोड.

"बाई, चार दिवसांत पाहिजेत, हे कोण म्हणालं? भाव पाडून कोणी मागितला? जाळी लावून काम केलं असतं तर दहा-बारा दिवस लागले असते."

"मग तसं सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर तुम्ही शेजारच्या शेडमध्ये गेला असता. गेला नसता?"

मग तोच पुढे म्हणाला, "आणि शकु कोण? माझ्याकडे शकु नावाची बाईच नाही. मस्टरवर बघा पाहिजे तर."

परतीच्या वाटेवर वनमाला एवढंच बोलली, "मी नमुना बघायला गेले होते ना, तेव्हा त्या गोणपाट टाकलेल्या मशीनपाशीच उभी होते. तिथल्या बाईला म्हटलं, किती भराभर हात चालतो गं तुझा! तर हसली ती."

रमाबाई नगरातलं शकुचं घर पत्र्याचं, पण लख्ख सारवलेलं होतं. तिचा नवरा भीमराज ट्रक भरायच्या कामावर जायचा. तो त्या दिवशी घरीच होता. दारात उभ्या असलेल्या दोन बायकांना त्याने आत या म्हटलं, पण बसा म्हटलं नाही. वनमालाने पर्समधून नोटा काढल्या. शकुने डाव्या हाताने तिचा हात मागे सारला.

"पैसं नकोत, बाई."

"ठेव गं. माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळं झालं का शेटमुळं झालं, ते मला ठावं न्हाई. पैसं घेतलं म्हंजी तुमच्या मनाचं ओझं उतरंल. माझा हात हाय तसाच."

भीमराज म्हणाला, "आमच्या वस्तीतल्या युनियनवाल्यांनी केस लावलीय नुकसानभरपाईची. शेट म्हनतो ही कामालाच नव्हती. सोबतच्या बायका साक्ष देईनात. दिली तर काम जातं त्यांचं. तुम्ही गिऱ्हाईक. तुमचं काय जातंय? तुम्ही हिला मशीनवर बघितलं व्हतं का?"

"हो," वनमाला म्हणाली. "बघितलं होतं."

"मग द्या साक्ष."

"देईन."

दशरथने घरी आरडाओरडा केला, बँकेत कळलं तर काय म्हणतील म्हणून. वनमालाने ऐकलं नाही. उन्हाळा संपता संपता तारीख लागली तेव्हा तिने नलिनीला सोबत चल म्हटलं. नलिनी गेली. कुतूहल होतं, आणि वनमाला साक्षीत अडखळेल अशी आतून थोडी आशाही होती.

वनमाला अडखळली नाही. काशीरामशेटच्या वकिलाने विचारलं, "म्हणजे घाई तुम्हालाच होती, असं म्हणायचं का?"

वनमालाने पदर घट्ट धरला. "हो. मलाच होती."

"आणि भावही तुम्हीच पाडलात?"

"हो. मीच पाडला."

मागच्या बाकावर नलिनीला ते दोन 'हो' चटका बसल्यासारखे लागले. फ्रिजचं, टीव्हीचं तिला असं कधी लागलं नव्हतं. या वस्तू आज ना उद्या आपल्याही घरी येतील, असं तिला वाटायचं. पण चारचौघांत इतकं सरळ 'हो' म्हणणं, हे कुठल्या दुकानातून आणायचं? हीसुद्धा वस्तू वनमालाकडेच आधी यायची होती?

मग वकिलाने शेवटचा प्रश्न टाकला. अपघात झाला तेव्हा तुम्ही तिथे होता? वनमाला नव्हती. बाई कधीकाळी तिथे कामाला असेलही, पण हात तिथेच गेला कशावरून? पुढची तारीख पडली. बाहेर युनियनचा माणूस भीमराजला म्हणाला, "शेटच्या तोंडून कोणी ऐकलं असतं तर काम झालं असतं. पण तो कशाला कोणापुढे बोलतोय?"

नलिनीने ते ऐकलं, आणि तिला शेडमधल्या स्टुलावर बसून ऐकलेलं शेटचं बोलणं आठवलं.

बिल्डिंगीत आता सगळा वनमालाचाच जयजयकार होता. ज्यांनी वाट्या परत केल्या त्याच बायका म्हणत होत्या, "बाईची कमाल आहे हां. कोर्टात उभी राहिली." नलिनीला ओरडून सांगावंसं वाटायचं, ही गोष्ट मी शोधून काढली, मी! पण शोधायला ती का गेली होती आणि तिथे काय बोलली होती, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट तिची होत नव्हती.

शेवटी तिने बाळाला सांगितलं. शेट काय म्हणाला होता, आणि ती काय म्हणाली होती, सगळं. रागावला की बाळा गावच्या भाषेत जायचा.

"गप रव, नलू. कोर्टात उभी रवान आपलीच लाज काढतलंस? त्या बायेचा काय व्हायचा ता व्हयत."

"वनमालाने काढली ना स्वतःची?"

"तुका वनमालाशिवाय दुसरा काय सुचता काय गो?"

पुढच्या तारखेला मात्र ती एकटीच निघाली आणि युनियनच्या माणसाला गाठून म्हणाली, "शेटच्या तोंडून मी ऐकलंय."

तिला उभं केल्यावर काशीरामशेटने तिला ओळखलं. त्याचा चेहरा उतरलेला तिने पाहिला.

"तुम्ही शेडमध्ये कशाला गेला होता?" शेटच्या वकिलाने विचारलं.

पुढच्याच बाकावर वनमाला बसली होती. तिच्या शेजारी शकु.

"डबे करायला टाकायला. हिच्या वाट्यांपेक्षा मोठं वाण द्यायचं होतं मला."

"मग?"

"शेट म्हणाले, परवा एका बाईचा हात मशीनमध्ये गेला, माणूस कमी आहे, वेळ लागेल. एक मशीन बंद होतं. त्याच्यावर गोणपाट होतं."

"हे ऐकून तुम्ही काय केलंत?"

"मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा. मला वेळेत पाहिजेत. आणि ऑर्डर दिली. नंतर रद्द केली, पण आधी दिली."

वकील हसला. "अशा बाईवर कोर्टाने विश्वास ठेवायचा?"

"खोटंच बोलायचं असतं तर मी स्वतःला चांगलं वाटेल असं बोलले असते, साहेब," नलिनी म्हणाली. "यात माझी अब्रूच जाते आहे."

बाहेर व्हरांड्यात वनमाला तिच्यासमोर येऊन थांबली. "तुला माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्या आधी. आणि सगळ्यांसमोर मला बोललीस."

"हो."

वनमाला वळून जिन्याकडे गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती नलिनीशी बोलली नाही, आणि त्यात तिचं चुकलंही नाही.

शकु मागे राहिली होती. तिने नलिनीला नीट न्याहाळलं.

"तुमाला ठावं व्हतं, तरी ऑर्डर दिली."

"दिली."

"मंग आज येऊन सांगितलं कशापायी?"

नलिनीला मोठं काहीतरी बोलायचं होतं. पण त्या बाईसमोर ते जमेना. "ती बोलली म्हणून," ती म्हणाली. "ती खरं बोलली आणि मी गप्प राहिले असते, तर सगळा चांगुलपणा तिचाच झाला असता. मला बघवेना ते."

शकु आधी बघत राहिली आणि मग खो खो हसायला लागली. भीमराज काय झालं म्हणून मागे वळला.

"म्हंजी जळूनच केलंत की वो!"

"जळूनच," नलिनी म्हणाली, आणि तिलाही हसू आलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरीही आलं.

"असंना का. साक्ष झाली न्हवं?" शकुने डाव्या हाताने पदर सावरला. "माझी बोटं तुमच्या हळदीकुंकवात गेली. तिथं मला कुनी बलावलंबी नसतं. आता साक्ष दिली ती दिली. पन माझ्याकडनं माफीबिफी मागू नका. ती माझ्याकडं न्हाई."

निकाल पुढच्या वर्षी लागला. शकुला भरपाई मिळाली. तिने मागितली होती तेवढी नाही, पण मिळाली. त्यातून भीमराजने वस्तीच्या तोंडाशी तिला भाजीची गाडी लावून दिली. काशीरामशेटच्या मशिनींना जाळ्या परत बसल्या. नग कमी निघतात, हातात पैसे कमी येतात, म्हणून तिथल्या बायका कुरकुरत होत्या, असं शकुच सांगायची.

वनमाला शकुकडून भाजी घ्यायची, आणि शकु तिला 'ताई' म्हणायची. नलिनीही तिथूनच घ्यायची. तिला शकु नुसतं 'बाई' म्हणायची. गाडीपाशी उभं राहून मेथीची जुडी निवडताना नलिनीला तो फरक दर वेळी ऐकू यायचा, आणि दर वेळी आत कुठेतरी चरचरायचं. तरी तिने गाडी बदलली नाही.